आवाज पुढं काढ

लिंबाजीबाबांचा हात खांद्याच्या वर गेलेला गावात कोणी पाहिला नव्हता. ऐकायला यात काही विशेष वाटत नाही, पण खेड्यात राहून हे एकदा करून बघावं. कुत्रं हाकलायचं तर काठी उगारावी लागते. बोरं पाडायची तर दगड भिरकवावा लागतो. लांबच्या माणसाला हाक मारतानासुद्धा हात वर होतोच. बाबा यातलं काहीच करत नसत. कुत्र्याला तोंडानं "हाड" म्हणायचे आणि तरी ते गेलं नाही तर आपणच उठून दुसरीकडे बसायचे. दुष्काळी कामावर गडीमाणसं डोक्यावरून घण आणून दगड फोडत, तर बाबा बायकांच्या ओळीत मांडी घालून छोट्या हातोडीनं टुकटुक खडी करत. गडी हसायचे. बाबा खाली मान घालून पुढचा दगड ओढायचे.

मी तेव्हा नववीत होते आणि माझी जीभ आजच्यापेक्षाही लांब होती. मी एकदा सरळ विचारलं, "बाबा, खांदा निखळलाय का तुमचा?"

त्यांनी डोक्याचा रुमाल उजव्या कानावर ओढून घेतला. "शाबूत हाय पोरी," ते म्हणाले. "म्हणून तर."

या उत्तराचा अर्थ लागायला मला तो सबंध उन्हाळा लागला.

आमचं गाव मुरुडपासून तासाभराच्या चालीवर. शाळा मुरुडला. लातूर हा वेगळा जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो आणि खेळाच्या संघात आमच्याकडच्या मुलींचं नाव कधी चुकूनही येत नसे. पण नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं. कलेक्टर लागतो, कचेरी लागते, आणि नांदेडला सामने निघाले की मुलींचा सॉफ्टबॉलचा संघसुद्धा लागतो. तो उभा करायचं काम आमच्या शिवप्पा सरांच्या गळ्यात पडलं. सर उदगीरकडचे. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचे आणि तिथून बाहेर यायला त्यांना जरा वेळ लागायचा.

बाबांची नात पंचशीला माझ्या वर्गात होती. तिचे आईवडील लातूरला नव्या सरकारी इमारतींवर विटा वाहायला गेले होते, त्यामुळे बौद्धवाड्यातल्या त्या घरात आजोबा आणि नात अशी दोघंच. संघात ती बॅट फिरवायची आणि मी कॅचर. कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागं उकिडवं बसून, सुटलेला चेंडू झेलणारी. उकिडवं बसायला आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही, म्हणून सरांनी मला निवडलं असावं.

पंचशीलाच्या अंगात ताकद भरपूर होती, पण ती बॅट फिरवायची तूर बडवल्यासारखी. वरून खाली, धप्पकन. लहानपणापासून खळ्यावर हेच केलेलं, हात दुसरं काही ऐकेनातच. चेंडू पायाशी आपटून तिथंच मरायचा. मग ती ऊन डोळ्यावर येतंय म्हणायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मागून पुटपुटायचे आणि ती बॅटच्या टोकानं माझ्यावर माती उडवायची.

सरांनी तिच्या मागं सरावांचा ससेमिरा लावला. पाठीमागून दोन्ही कोपरांच्या बेचक्यात काठी अडकवायची आणि हात न वापरता नुसती कंबर फिरवायची. भिंतीपासून बॅटभर अंतरावर उभं राहून, भिंतीला ओरखडा न काढता बॅट फिरवायची. पालथ्या घागरीच्या बुडावर चेंडू ठेवून फक्त चेंडू उडवायचा, घागर वाजता कामा नये. रिकाम्या घागरींची त्या वर्षी गावात काही कमी नव्हती.

आणि शेवटचा सराव आवाजाचा. त्याला चेंडू लागत नाही. बॅट उलटी धरायची, जाड टोक मुठीत आणि बारीक दांडा हवेत. जोरात फिरवायची आणि कान द्यायचा. हवा कापल्याचा सूंऽ असा आवाज होतो. तो कानामागं झाला तर सगळा जोर आधीच वाया गेला समजायचं. पुढच्या पावलाच्याही पुढं झाला तर जोर चेंडूवर पडणार. "आवाज पुढं काढ," सर म्हणायचे. "मागं इल्ला." इल्ला म्हणजे नाही, एवढी कानडी आम्हाला येत होती. पंचशीलाचा आवाज काही केल्या पुढं निघायचा नाही. कानामागंच व्हायचा, आणि मागं बसलेली मी निकाल सांगायचे, "मागं."

ॲल्युमिनियमची बॅट सगळ्या शाळेत एक. रविवारपुरती ती सरांनी आम्हाला घरी न्यायला दिली. संध्याकाळी टँकरची रांग असायची, म्हणून सरावाला वेळ मिळायचा तो फक्त दुपारी. जागा होती बौद्धवाड्याच्या विहिरीजवळची, सपाट आणि चोपलेली. ती विहीर त्या वर्षी पहिल्यांदाच तळापर्यंत आटली होती, त्यामुळे तिकडं चिटपाखरू फिरकत नव्हतं. भर दुपारी विहिरीवर जाऊ नये असं आमच्याकडे सांगतात. पण ते पाण्याच्या विहिरीबद्दल असणार, अशी मी माझी सोयीस्कर समजूत करून घेतली.

ऊन असं होतं की बाभळीची सावलीसुद्धा बुंध्याला चिकटून बसली होती. पंचशीला उलटी बॅट फिरवत होती, मी मागं उकिडवी. सूंऽ. "मागं." पुन्हा सूंऽ. "मागंच की गं."

ती घाम पुसायला थांबली. बॅट खांद्यावर होती. आणि आवाज झाला, फट्.

"काय करायलीस?" तिनं विचारलं.

"मी कुठं काय केलं?"

आवाज विहिरीतून आला होता. मी तिला प्रतिध्वनी समजावून सांगितला. विज्ञानाच्या पुस्तकात तो आहे आणि मला तो पाठ होता. तिला पटला. मला मात्र पटेना, कारण बॅटचा आवाज सूं होता आणि विहिरीतला सुका, फाटका, ओलं धोतर झटकल्यावर येतो तसा होता. आम्ही पुन्हा सुरू केलं. तिनं बॅट फिरवली की जरा वेळानं खालून फट्. आमच्यातलं कोण आधी भ्यायलं ते मी सांगणार नाही. मग पंचशीलानं एक गोष्ट केली. बॅट जोरात आणली आणि निम्म्यातच थांबवली.

विहिरीतला आवाज मात्र पुरा झाला.

 तरी आम्ही दोघी काठाशी गेलो, कारण तसं न बघता घरी जाणं त्याहून अवघड वाटलं. खाली पाणी नव्हतं. गाळ वाळून त्याच्या मोठाल्या खपल्या उठल्या होत्या, आणि खपल्यांच्या मधून तोंडं वर बघत होती. बोटाएवढी तोंडं, पत्र्यावर उठवलेली. काही काळवंडलेली, काही उन्हानं चमकणारी. सगळ्यांचे डोळे उघडे.

मी ती ओळखली. आमच्या देवघरात तशीच होती. टाक म्हणतात त्यांना, घरच्या देवांचे आणि पूर्वजांचे. पंचशीलानं तसलं काही कधी पाहिलं नव्हतं. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी काही नाही. टाकांच्या शेजारी गाळात एक लाकडी मूठ रुतलेली होती आणि तिला घुंगरं होती.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"देव हायत."

"विहिरीत कामून?"

मला ते माहीत नव्हतं. घरी जाऊन तिनं आजोबांना विचारलं. बाबा भाकरी खात होते. हातातला तुकडा त्यांनी परत ताटलीत ठेवला. "तिकडं खेळू नका," एवढंच म्हणाले आणि तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी वाड्यातली साखराबाई झरा शोधायला विहिरीत उतरली आणि तिनंही ते पाहिलं. मग काय, गावात पाणी पोचायला वेळ लागतो, बातमीला नाही. संध्याकाळी चार माणसं लिंबाजीबाबांच्या दारात येऊन बसली. त्यांच्यात पुढं होते हणमंतराव, म्हणजे माझे वडील. मी पंचशीलाच्या घरातच होते, दाराआड. माझ्या वडलांना त्या घराचा उंबरा जवळून बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिथं मला कळलं की लिंबाजीबाबा हे गावचे पोतराज होते. पोतराज म्हणजे मरीआईला वाहिलेला माणूस. केस वाढवायचे, कमरेला खणांचं घेरदार आभरान बांधायचं, हलगीवर गिरक्या घेत हातातला जाड कोरडा, म्हणजे पिळाचा आसूड, आपल्याच अंगावर ओढायचा. गावात रोगराई आली, पाऊस गेला, की देवीचा गाडा ओढून वेशीबाहेर नेऊन सोडायचा. धम्म घेतला त्या साली वाड्यानं आपापले देव या विहिरीत सोडले, आणि सगळ्यांच्या शेवटी लिंबाजीबाबांनी केस कापून कोरडा वरून टाकला. त्याला तीस वर्षं होत आली होती.

"लिंबाजी, आई आपणहून वर आलीय," वडील म्हणाले. आवाज त्यांनी मऊ ठेवला होता. "एकदाच आभरान बांध. गाडा वेशीपल्याड ने. मग तुझा धर्म तुला, आमचा आम्हाला."

"हीर आटली, हणमंतराव," बाबा म्हणाले. "वर कुणी आलं न्हाई."

"गावात थेंब न्हाई. लेकरं टँकरच्या मागं पळायलीत. तुला काहीच वाटंना?"

"वाटतंय की. पर तीस वर्सं त्या हिरीला पाणी हुतं. देव तळाला असतानाच हुतं."

 उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं वार ठरवतात. "पुढल्या मंगळवारी येतो," वडील म्हणाले आणि उठले. घरी गेल्यावर मी त्यांना म्हटलं, गाड्याची एवढी नड असेल तर आभरान तुम्हीच बांधा की. आईनं वेळेवर माझ्या तोंडावर हात ठेवला. मला त्या दिवशी वडलांचा राग आला होता आणि कीवही आली होती, कारण ते खरंच घाबरलेले होते.

पण त्यांच्याहून जास्त घाबरली होती पंचशीला. त्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी आम्हाला नांदेडला जायचं होतं, आणि त्याआधीच्या शनिवारी मुरुडच्या मैदानावर सरांनी तिला आवाजाचा सराव करायला लावला. त्या मैदानाच्या आसपास विहीरच नाही. तिनं बॅट फिरवली. सर खूश झाले. "पुढं आला, पुढं आला! ऐकलीस का?"

तिनं मान हलवली. तिला तो मागून ऐकू आला होता. मी तिच्या मागं बसले होते, आणि मलाही मागूनच ऐकू आला. म्हणजे माझ्याही मागून. तिथं रिकामं मैदान होतं आणि त्यापलीकडं कुंपण. सरांनी ऐकलेला आवाज सूं होता, आम्ही ऐकलेला फट्.

पंचशीलाच्या हातातून बॅट गळून पडली.  परत येताना रस्त्यात ती म्हणाली, "आबाच्या अंगात जे हुतं ते माझ्या अंगात आलंय. मी बॅट फिरवली की ते उठतंय. मी नांदेडला येत न्हाई."

सरांना तिनं मैदानावरून निघतानाच तसं सांगितलं होतं, कारण मात्र दिलं नव्हतं. सर रागावले नाहीत. त्यांनी बॅट तिच्याच हातात दिली. "गुरुवारपर्यंत तुझ्याकडं राहू दे," म्हणाले. "बसमध्ये तुझी जागा ठेवतो. आली तर बस, न्हाई आली तर बॅट बसेल." मला हसू आलं. तिला आलं नाही.

सोमवारी दुपारी बाबांनी आम्हा दोघींना विहिरीजवळ बोलावलं. ज्या जागी जाऊ नका म्हणाले तिथंच. काठावर बसले आणि डोक्यावरचा रुमाल सोडला. तो सुटलेला मी कधी पाहिला नव्हता. उजव्या कानाचा वरचा अर्धा भाग नव्हताच. जुनी, गुळगुळीत झालेली जखम.

"माझ्या बापानं शिकवलं मला," ते म्हणाले. "म्या जन्मायच्या आधीच आईनं नवसाला दिलेला. मला कुणी इचारलं न्हाई. आधी कोरडा देत न्हाईत हातात. नुसती मूठ द्यायची, मोकळी. फिरव म्हणायचं आन् कान दे म्हणायचं. पयली टाच, मग कंबर, मग खांदा. हात लई शेवटी. आवाज फुडं निघाला पायजे. मागं फुटला तर सोताचाच कान घिऊन जातो."

पंचशीला आणि मी एकमेकींकडं बघितलं. सरांचे शब्द सरांनी कुठं ऐकले असतील, असा वेडा विचार माझ्या मनात आला.

"तुझं बघितलं म्या बॅट फिरवताना," बाबा नातीला म्हणाले. "तूर बडवायचीस तवा बरं वाटायचं. आता टाच उचलाय लागलीस. माझ्यासारखी."

"म्हंजी देवीच आलीय ना अंगात?"

"देवी-बिवी काय न्हाई. घोटून घेतलेलं अंग हाय." त्यांनी आपला उजवा हात मांडीवर दाबून ठेवला होता, एखादं जनावर धरावं तसा. "कोरडा टाकला त्या दिशी मन मोकळं झालं माझं. अंगाला कोण सांगणार? हात वर गेला की टाच उठती. टाच उठली की कंबर फिरती, मग थांबत न्हाई. म्हणून हात खालीच ठिवला. सारा जलम."

"आन् आवाज?" मी विचारलं. "विहिरीतला?"

बाबांनी वाकून विहिरीत बघितलं. "त्यो मी रोज ऐकतो," ते म्हणाले. "आधी पाण्याखालून यायचा. दबका. आता पाणी न्हाई."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण पंचशीला पुढं झाली आणि आजोबांच्या त्या हातावर तिनं आपला हात ठेवला. तो हात खालून हलत होता.

मंगळवारी ठरल्याप्रमाणे माणसं आली. गाडा सजवलेला, हळदीकुंकू, लिंबाचा पाला. शेजारच्या गावचा हलगीवाला आणला होता. कोणीतरी विहिरीत उतरून टाक गोळा करून आणले आणि ती मूठही आणली. कोरड्याचा पीळ कुजून गेला होता, लाकूड आणि घुंगरं तेवढी राहिली होती. ती मूठ बाबांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. कोणी जबरदस्ती केली नाही, शिवी दिली नाही. माझ्या वडलांनी फक्त हलगीवाल्याकडं पाहिलं.

हलगी वाजायला लागली.

बाबा उंबऱ्यावर बसले होते, समोर जरा अंतरावर विहीर. त्यांची उजवी टाच उठली. खाली टेकली, पुन्हा उठली, हलगीच्या ठेक्यावर, आणि मग ठेक्याच्याही जरा आधी, म्हणजे हलगीच टाचेच्या मागं वाजायला लागली. बाबांचा चेहरा मात्र जागच्या जागी होता, दुसऱ्याच कोणाचा पाय बघावा तसे ते आपल्या पायाकडं बघत होते.  वडलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पंचशीला दारात बॅट धरून उभी होती, आणि तिचीही टाच उठलेली मी पाहिली.

तीच गोष्ट बाबांनीही पाहिली. ते उठले. मूठ पुढ्यात होती, तिला ओलांडून नातीजवळ गेले आणि तिच्या हातातली बॅट घेतली.

"घागर ठिव," ते म्हणाले.

तिनं घागर पालथी ठेवली, वर चेंडू ठेवला. चेंडू दोनदा घरंगळला. बाबा उभे राहिले. आणि त्यांचा हात खांद्याच्या वर गेला. टाच, कंबर, खांदा, आणि लई शेवटी हात. डोळ्यांना काही दिसलंच नाही, फक्त आवाज आला. तो त्यांच्या पुढं आला, सगळ्यांच्या पुढं आला. चेंडू विहिरीवरून, बाभळीवरून आमच्या करपलेल्या रानात जाऊन पडला. घागर वाजली नाही. आणि मी कान लावून ऐकत होते, विहिरीतूनही काही आलं नाही.

हलगीवाल्याचे हात आपोआप थांबले होते.

बाबांना धाप लागली होती. त्यांनी बॅट नातीच्या हातात परत दिली. "आवाज फुडं काढ," ते म्हणाले. "मागं जो येतो त्यो माझा हाय, तुझा न्हाई. वळून बघू नगंस." मग माझ्या वडलांकडं वळून म्हणाले, "हणमंतराव, देव न्या तुमाला पायजे तर. पुसून घ्या, गाळ लई हाय त्यास्नी."

 गाडा वडलांनी आणि इतर माणसांनी स्वतःच वेशीबाहेर ओढून नेला. पाऊस त्यासाठी आला नाही आणि त्यावाचून अडलाही नाही, आला तो त्याच्या वेळेला.

मी मात्र त्या दिवशी बाबांच्या पायाकडं बघत राहिले. हलगी केव्हाच थांबली होती. टाच उठत होती, टेकत होती.

गुरुवारी बसमध्ये सरांनी ठेवलेल्या जागेवर पंचशीलाच बसली. नांदेडचं मैदान आमच्या गावच्या शिवाराएवढं मोठं वाटलं मला. ऊन तेच. पहिला चेंडू ती चुकली. मी बाहेर बाकावर होते, तिच्या मागं दुसऱ्याच संघाची कॅचर बसली होती. पंचशीलाची मान किंचित मागं वळायला लागली आणि मी बाकाची कड घट्ट धरली. ती वळली नाही. दुसऱ्या चेंडूला तिनं बॅट फिरवली, आणि पुढं काय झालं ते सरांच्या कानडीतच सांगायला हवं, कारण ते अर्धा तास मराठीत आलेच नाहीत. सामना आम्ही हरलो. नवा जिल्हा, नवा संघ, हरणारच. पण विभागाच्या संघात लातूरची एकच मुलगी घेतली गेली, ती आमची.

परतताना मी तिला विचारलं, "ऐकू आला का मागून?"

"न्हाई. एकदाबी न्हाई." ती हसली. मग खिडकीबाहेर बघायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "मग गेला कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. बाबा घरात नव्हते. विहिरीच्या काठावर बसले होते, विहिरीकडं पाठ करून. टाच हलत होती. रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झालेले दिसले.

"काल दुपारभर वाजत हुता," ते म्हणाले. "माझ्या पाठीशी. तिकडं न्हाई ना आला?"

"न्हाई, आबा."

"मग झालं."

त्यानंतर बाबा रोज दुपारी तिथं बसत. पाऊस पडला, विहीर भरली, तरी बसत. टाच थांबली नाही ती नाहीच. झोपेतही हलायची, असं पंचशीला सांगायची. लोक आधी कुजबुजले, मग सवय झाली, मग पोरंसोरं सोडून कोणी त्या पायाकडं बघेनासं झालं. पंचशीला शिकली, कंधारला खेळाची शिक्षिका झाली. आजोबांना घेऊन जायला दोनदा आली. दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं, "मी हितनं उठलो तर त्यो तुझ्या मागं लागंल." ती रडून परत गेली. मला तिची माया कळत होती आणि त्यांचीही, पण मध्ये पडायला मला शब्द सापडले नाहीत. माझ्यासारखीला सापडले नाहीत, यातच काय ते आलं.

मग एका थंडीत, दुपारी, बाबा काठावर बसल्या बसल्याच गेले. साखराबाईनं येऊन सांगितलं. मी मुरुडला जाऊन कंधारच्या शाळेला फोन लावला. पलीकडून कोणी शिपाई बोलला. मी म्हटलं, पंचशीलाबाईंना बोलवा, मी त्यांच्या गावची तारामती.

"बाई मघाशीच बस धरून गावाकडं गेल्या," तो म्हणाला. मी अजून कारणही सांगितलं नव्हतं.

ती आली तेव्हा दिवस मावळत होता. सगळे तिच्यासाठी थांबले होते. बसमधून उतरून ती थेट माझ्याकडं आली. "मुलींना आवाजाचा सराव दाखवत होते," ती म्हणाली. "किल्ल्याजवळच्या मैदानावर. बॅट फिरवली. माझा आवाज पुढं निघाला, आणि मग मागून एक आला. मुलींना ऐकू आला नाही. मी वळले नाही, बॅट खाली ठेवली आणि स्टँडवर गेले."

मी तिचा हात धरला. आत जायच्या आधी तिनं मला एवढंच विचारलं, "टाच?"

"थांबली," मी म्हटलं.